धागा : धरण ९० टक्क्यांवर असताना दरवाजे का उघडतात?

वाळूज_वाला
जायकवाडी ९० टक्क्यांच्या पुढे गेलं की लगेच बातमी येते, "१८ दरवाजे अर्धा फूट उघडले, ९,४३२ क्युसेक विसर्ग." अजून १० टक्के जागा रिकामी आहे, पावसाळा संपलेला नाही, तरी पाणी सोडून मोकळे. मग ज्या वर्षी पाऊस ओढ देतो त्या वर्षी हेच लोक नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी मागतात, कोर्टकचेऱ्या होतात. आधी शंभर टक्के भरू द्या, मग सोडा, एवढं साधं का करत नाहीत? राजकारण सोडून कुणी गणित सांगेल का?

आगाऊ_कार्टा
राजकारण सोडून पाण्यावर धागा? शुभेच्छा.

सांडवा
गणितच सांगतो. जायकवाडीचा उपयुक्त साठा २,१७१ दलघमी (दशलक्ष घनमीटर), म्हणजे ७६.६५ टीएमसी (अब्ज घनफूट). त्याचे १० टक्के म्हणजे साधारण ७.६७ टीएमसी. आता येवा, म्हणजे धरणात येणारं पाणी, १ लाख क्युसेक (सेकंदाला १ लाख घनफूट) धरा. चांगल्या पुरात गोदावरीला तेवढा सहज असतो. ११,५७४ क्युसेक चोवीस तास वाहिले की १ टीएमसी होतो, हा आकडा पाठच करून ठेवा. त्या हिशोबाने तुमची रिकामी जागा २१ तासांत भरते.

बाविसाव्या तासाला काय कराल? जेवढं येतंय तेवढं सोडावंच लागेल, एकदम १ लाख. पैठणच्या खाली नदीकाठी माणसं राहतात. ऑगस्ट २००६ मध्ये विसर्ग अडीच लाखांच्या घरात गेला आणि पैठण शहरात पाणी शिरलं.

आता उलट बाजू बघा. तीन दिवस आधीपासून ९,४३२ क्युसेकने सोडत राहिलात तर बाहेर जातं जेमतेम २.४४ टीएमसी, उपयुक्त साठ्याच्या ३ टक्क्यांच्या आसपास. जागा करायची म्हटलं तर वेळ लागतो, भरायला लागत नाही. म्हणून सुरुवात लवकर.

वाळूज_वाला
हे पटतंय. पण ९० हा आकडा कुठून आला? कार्यकारी अभियंत्याच्या मनावर?

सांडवा
नाही. प्रत्येक मोठ्या धरणाचं जलाशय परिचालन वेळापत्रक असतं, खात्यात त्याला आरओएस म्हणतात. १ जून ते १५ ऑक्टोबरपर्यंत पंधरवड्यागणिक पातळी ठरलेली असते. मागच्या अनेक वर्षांचा येवा मांडून काढतात की, या तारखेनंतर अमुक पाणी येण्याची शक्यता किती. जुलैअखेर धरण भरायला अडीच महिने हातात असतात, म्हणून पातळी खाली ठेवतात. सप्टेंबरात ती वर सरकते, शेवटी पूर्ण संचय पातळी, जायकवाडीला १,५२२ फूट. त्यामुळे ३१ जुलैला ९० टक्क्यांवर दरवाजे उघडणं आणि २५ सप्टेंबरला ९० टक्क्यांवर उघडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी घडली तर तुमचा प्रश्न रास्त.

पाटकरी
सांडवा यांच्याशी सहमत, पण एक भर. वेळापत्रक हे सरासरीवर बेतलेलं आणि जायकवाडीचा येवा सरासरीने येत नाही. पैठणच्या स्वतःच्या पाणलोटात पाऊस कमी, पाणी येतं ते इगतपुरी-त्र्यंबक-अकोले तालुक्यांच्या घाटमाथ्यावरून. तेही गंगापूर, दारणा, भंडारदरा, निळवंडे, मुळा ही धरणं भरल्यावर. म्हणजे पहिले दोन महिने थेंब नाही आणि मग वरची धरणं एकाच आठवड्यात भरली की सगळे एकदम सोडतात. धरणाच्या वरच्या अंगाला नांदूरमधमेश्वर बंधाऱ्याचा विसर्ग आणि नागमठाणला होणारं नदीचं मापन हे दोन आकडे पाहिले तर उद्या धरणात काय येणार ते आज कळतं. धरणाचे टक्के कालचे असतात.

गोदाकाठची
शिवाय दरवाजे उघडण्याची तऱ्हा असते. २७ पैकी १ ते ९ हे आपत्कालीन, नेहमी वापरतात ते १० ते २७. तेही ओळीने उघडत नाहीत, जोडीजोडीने, पात्रात पाणी दोन्ही अंगांना सारखं पडेल असे. एकाच बाजूचे उघडले तर खालच्या शमनकुंडात (पडणाऱ्या पाण्याचा जोर मोडणाऱ्या कुंडात) भोवरे होतात आणि तळाचं काँक्रीट खरवडलं जातं. आधी अर्धा फूट, मग एक, मग दीड. प्रत्येक टप्प्याआधी भोंगा, तहसीलदारांना निरोप, नदीतल्या मोटारी काढा म्हणून दवंडी. ऐन रात्री एकदम चार फूट उघडणं हे शेवटचं हत्यार.

आगाऊ_कार्टा
आणि अर्ध्या फुटाला प्रत्येक दरवाजातून ५२४ क्युसेक. १८ × ५२४ = ९,४३२. बातमीतला आकडा जुळला, आज झोप लागेल.

सांडवा
@आगाऊ_कार्टा, तो ५२४ पाणी जवळपास पूर्ण पातळीला असतानाचा बरं का. पातळी खाली गेली की दरवाजावरचा दाब कमी, तेवढ्याच फटीतून पाणी कमी जातं. म्हणून दर दरवाजाचा तक्ता असतो, पातळी आणि उघडझाप यांचा. पेपरवाले तक्त्यातलाच आकडा छापतात. नदीत प्रत्यक्ष किती गेलं हे मोजायला खालचं सरिता मापन केंद्र लागतं.

नगरी_पाणी
सगळं ठीक. पण मग सोडून दिलेल्या पाण्याचा हिशोब ऑक्टोबरात का धरत नाहीत? ऑगस्टमध्ये जायकवाडीतून पाणी तेलंगणात जातं आणि १५ ऑक्टोबरला ६५ टक्के नाही म्हणून भंडारदरा-मुळाचं पाणी जातं. आमच्याकडे सात नंबरचा (पाणी मागणीचा) फॉर्म भरून लोक रब्बीच्या आवर्तनाची, कालव्याच्या पाण्याच्या पाळीची, वाट बघत बसतात.

पाटकरी
@नगरी_पाणी, तक्रार नेहमीची आहे पण त्यात दोन वेगळी वर्षं एकत्र झालीत. ज्या वर्षी ऑगस्टमध्ये दरवाजे उघडतात, त्या वर्षी १५ ऑक्टोबरला ६५ टक्क्यांचा प्रश्न बहुधा येतच नाही.

नियम नीट मांडतो, कारण यावर फार धुरळा उडतो. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात कलम १२(६)(ग) आहे. टंचाईच्या वर्षी खोऱ्यातल्या सगळ्या धरणांत ऑक्टोबरअखेर साठ्याची टक्केवारी साधारण सारखी राहावी असा त्याचा आशय. कशी ठेवायची ते सांगायला मेंढेगिरी समिती नेमली, तिचा अहवाल २०१३ चा. प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये त्यावर आदेश दिला, मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तो उचलून धरला. जायकवाडीचा उपयुक्त साठा अधिक खरिपात वापरलेलं पाणी मिळून ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरचे पाच समूह आपापल्या वाट्याचं सोडतात : मुळा, प्रवरा, गंगापूर, गोदावरी-दारणा आणि पालखेड. कुणी किती ते कोष्टकात आहे, त्या त्या समूहात किती पाणी आहे त्यावरून.

असे आदेश २०१५ मध्ये १२.८४ टीएमसीचे, २०१८ मध्ये ८.९९ चे आणि २०२३ मध्ये ८.६ चे निघाले. ही तिन्ही तुटीची वर्षं. त्या वर्षांत ऑगस्टमध्ये पैठणला पूर विसर्ग नव्हता.

नगरी_पाणी
खरिपाचा वापर मिळवतात हे बरोबर, ते माझ्या नजरेतून सुटत नाही. पण सोडलेलं पोचतं किती ते पण सांगा.

पाटकरी
हां, इथे तुमचा मुद्दा भक्कम आहे. २०२३ चा आदेश ३० ऑक्टोबरचा, पाणी सुटलं नोव्हेंबरच्या चौथ्या आठवड्यात. तोवर पात्र कोरडं पडलेलं. कोरड्या पात्रात पहिलं पाणी वाळू पिते, दोन्ही काठच्या विहिरी पितात. नुकसान कमी करायचं तर :

आदेश निघताच सोडा, नदी ओली असेपर्यंत. दारणा-गंगापूरचं पाणी आधी गेलेलं असेल तर त्याच्याच पाठीवर पुढचं घाला. हजार-दीड हजार क्युसेकची धार महिनाभर सोडण्यापेक्षा मोठा विसर्ग थोडे दिवस ठेवा. प्रवरा आणि गोदावरीवरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बर्गे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) आधीच काढा. एका बंधाऱ्याचे जरी राहिले तरी तो भरेपर्यंत खाली काही येत नाही. आणि काठच्या कृषिपंपांची वीज त्या काळापुरती बंद, नाहीतर पाणी उसात.

बर्गे काढणं कागदावर एका ओळीचं काम आहे. प्रत्यक्षात ते गाळात रुतलेले असतात, फुगलेले असतात आणि काठावर शंभर माणसं उभी असतात.

ऊस_उत्पादक_संघ
उसाचं नाव निघालं म्हणून हजेरी लावली. आता शिव्या द्या.

आगाऊ_कार्टा
संघाध्यक्ष, आधी ठिबकचा फोटो टाका, मग बोलू.

गोदाकाठची
मूळ प्रश्नाला धरून : "सोडलेलं पाणी वाया" हेही अर्धंच खरं. पैठणच्या खाली आपेगाव, हिरडपुरी, मग लोणी सावंगी, ढालेगाव, मुद्गल, दिग्रस असे बंधारे नांदेडच्या विष्णुपुरीपर्यंत आहेत. पण गोम अशी की, पावसाळ्यात त्यांचेही दरवाजे वर असतात, कारण भरलेला बंधारा पुरात अडथळा. परतीच्या पावसातला शेवटचा विसर्गच ते अडवू शकतात. त्याच्याही खाली, तेलंगणाच्या सीमेजवळच्या बाभळी बंधाऱ्याचं तर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ठरवून दिलंय, १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडेच. ऑगस्टचं पाणी तिथे थांबणार नाही.

वाळूज_वाला
मग उजव्या कालव्याने माजलगावला का पाठवत नाहीत? ते धरण तर बऱ्याचदा रिकामं असतं.

सांडवा
पाठवतात. पण कालव्याची वहनक्षमता बघा. उजवा कालवा १३२ किमी, मुळात साधारण २,२०० क्युसेकचा. पूर्ण क्षमतेने चालला तर दिवसाला ०.१९ टीएमसी, महिन्याला पावणेसहा. आणि पूर्ण क्षमतेने चालत नाही. अस्तर जागोजागी उखडलंय, भरावात गळती आहे, झुडपं आहेत. क्षमतेइतकं सोडलं तर कुठेतरी भराव फुटणार हे शाखा अभियंत्याला माहीत असतं. त्यामुळे पुराचं पाणी कालव्याने वळवायचं असेल तर धरण ९० टक्के व्हायची वाट न बघता ६०-७० लाच कालवा सुरू करावा लागतो, आणि ती जोखीम घ्यायला कुणी पुढे येत नाही. पुढे पाऊस नाही आला तर? हा खरा निर्णयाचा प्रश्न आहे, दरवाज्यांचा नाही.

पंचगंगा_ताई
तुमच्याकडे निदान दरवाजे उघडायचे की नाही यावर वाद घालता येतो. आमच्या राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे. पाणी पूर्ण पातळीला गेलं की आपोआप उघडणार, प्रत्येकी १,४२८ क्युसेक. पातळी उतरली की आपोआप बंद. वीज नको, ऑपरेटर नको, पण आगाऊ जागा करायची सोयही नाही. त्यासाठी फक्त वीजगृहाची वाट, दीडेक हजार क्युसेक. ८.३६ टीएमसीचं धरण जुलैतच भरतं आणि नंतर येईल तेवढं खाली. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांवर इशारा, ४३ ला धोका, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ.

मुठाकाठ
स्वयंचलित दरवाज्यांचं मूळ पुण्याचं. विश्वेश्वरय्यांनी १९०३ मध्ये खडकवासल्याला बसवले होते. तेव्हा हेतू उलटा होता : सांडव्यावरून वाहून जाणारं पाणी थोडं अधिक उंचीपर्यंत अडवायचं, भिंत न वाढवता. साठवणूक हवी म्हणून केलेली गोष्ट पूरनियंत्रणात आडवी येते.

खडकवासल्याचं उदाहरण वाळूज_वाला यांच्या प्रश्नाला आणखी चपखल बसतं. साखळीत पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१ आणि खडकवासला फक्त १.९७ टीएमसी. सगळ्यांचं पाणी या शेवटच्या छोट्या धरणात येतं. अर्धा टीएमसी जागा ठेवली आणि येवा ४० हजार झाला तर साडेतीन तास मिळतात. म्हणून वरची धरणं अर्धी असतानाही खडकवासल्यातून विसर्ग सुरू होतो आणि पुणेकर चिडतात. २५ जुलै २०२४ ला पहाटे विसर्ग वाढला आणि एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा उलट ओरड झाली की आधी का नाही सोडलं.

चिंचपूर_बंधारा
आणि ते सगळं आमच्या उजनीत येतं, म्हणून आम्ही गप्प. :) पण टक्केवारीवर बोललंच पाहिजे. उजनी "मायनस ४०" असं वाचून बाहेरच्या लोकांना वाटतं धरण कोरडं पडलं. टक्के फक्त उपयुक्त साठ्याचे, ५३.५७ टीएमसी. त्याखाली ६३.६६ टीएमसी मृतसाठा आहे. मृत कसला, निम्म्याहून जास्त धरण तेच! कालव्याचं तोंड उंचावर आहे कारण कालव्याला उंचावरची जमीन भिजवायची. त्या तोंडाखालचं पाणी नियमाने मृत. पिण्यासाठी मात्र ते नदीत सोडता येतं, सोडतातही.

आणि मग सोलापूरसाठी दोनशे किलोमीटरहून जास्त लांब नदीतून पाणी नेऊन औज-चिंचपूरचे बंधारे भरायचे. शहराला लागतं त्याच्या कितीतरी पट वाटेत. समांतर जलवाहिनीसाठी एवढा जीव का टाकला ते यात आलं.

आगाऊ_कार्टा
म्हणजे मायनसमध्ये असूनही खर्च चालू. आमच्या क्रेडिट कार्डासारखं.

सह्याद्री_ड्रेनेज
मृतसाठ्यावर एक गैरसमज. गाळ फक्त मृतसाठ्यात बसतो असं संकल्पन करताना धरतात, प्रत्यक्षात बराचसा बसतो तो जलाशयाच्या शेपटाला, जिथे नदी संथ होते, म्हणजे उपयुक्त साठ्यातच. दरवर्षी कुणीतरी म्हणतं, गाळ काढा. १ टीएमसी म्हणजे २ कोटी ८३ लाख घनमीटर. १० घनमीटरच्या टिपरने २८ लाख खेपा. गाळमुक्त धरण योजना पाझर तलावांना ठीक आहे, नाथसागराला, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाला, नाही.

बाष्पीभवनाकडे बघा. कोयना १०५ टीएमसी, भरल्यावर पृष्ठभाग साधारण ११५ चौ. किमी. जायकवाडी १०२ टीएमसी, पृष्ठभाग ३५० च्या आसपास. पसरट परात. मे महिन्यात पाणी २०० चौ. किमीवर असेल आणि रोज १० मिलिमीटर उडत असेल तर दिवसाला २ दलघमी. दोन आठवड्यांत १ टीएमसी हवेत.

कोयनेचा_वारा
कोयनेचं नाव निघालं म्हणून. तिथे दरवाजे सहा, पण त्याआधी पायथा वीजगृह सुरू करतात, दोन जनित्रं मिळून २,१०० क्युसेक. खाली नदीत पहिली सूचना तीच. बाकी पाणी पश्चिमेला, पोफळीकडे, वीज करून वाशिष्ठीत. कृष्णा पाणीवाटपाच्या बच्छावत लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसी त्यासाठी ठेवलंय. पुराच्या दिवसांत लोक विचारतात की सगळं पश्चिमेला का वळवत नाही. बोगद्याची आणि यंत्रांची मर्यादा आहे, आणि त्याच दिवसांत चिपळूणलाही पूर असतो.

ऊस_उत्पादक_संघ
आता कुणी अलमट्टी काढू नका, नाहीतर धागा ४०० प्रतिसादांवर जाईल.

पंचगंगा_ताई
काढलंत ना तुम्हीच!

संपादक_मंडळ
अलमट्टीसाठी स्वतंत्र धागा आहे. इथे जायकवाडीवर या.

वाळूज_वाला
सगळ्यांचे आभार, बरंच सुटलं. एकच टोचतंय. धरण भरलेलं असताना शहरात नळाला आठवड्याने पाणी येतं. मग या साठ्याचा आम्हाला उपयोग काय?

गोदाकाठची
कारण तुमचा तुटवडा धरणात नाही, नळीत आहे. छत्रपती संभाजीनगरला दिवसाला २४० दशलक्ष लिटर धरलं तरी वर्षाला ३.१ टीएमसी होतात. ९,४३२ क्युसेकने हे पाणी पावणेचार दिवसांत पैठणखाली वाहून जातं. धरणाच्या हिशोबात शहराची तहान चिल्लर आहे. अडतं ते ७०० आणि १,४०० मिमीच्या जुन्या जलवाहिन्यांवर, त्यांच्या फुटण्यावर, पंपांच्या वीजपुरवठ्यावर आणि शहरातल्या टाक्या कमी असण्यावर. म्हणून २,५०० मिमीची नवी वाहिनी. ती पूर्ण दाबाने चालल्यावरही शहरातल्या टाक्या आणि वितरण अपुरं राहिलं तर आठवड्याचे चार दिवस होतील, रोज होणार नाही.

पाटकरी
आणि धरणात पाणी कमी असतानाही पिण्याचं आरक्षण सगळ्यात आधी बाजूला काढतात. १५ ऑक्टोबरचा साठा घ्या, त्यातून पुढच्या जुलैअखेरपर्यंतचं बाष्पीभवन वजा, पिण्याचं वजा, उद्योगांचं वजा. उरेल ते सिंचनाला, त्यावर कालवा सल्लागार समितीत रब्बीची किती आणि उन्हाळी किती आवर्तनं ते ठरतं. म्हणजे ऑगस्टमधल्या विसर्गाने तुमचा नळ कोरडा पडत नाही. पडलाच फटका तर कालव्याच्या टोकाच्या परभणीतल्या शेतकऱ्याचं एक आवर्तन जातं.

परभणीकर_७८
टोकाचा शेतकरी हजर आहे. ते आवर्तन धरण भरलेल्या वर्षीही येत नाही, डावा कालवा २०८ किमी आहे आणि पाणी वरच मुरतं. टोकाकडून माथ्याकडे भिजवत यायचं हा नियम फक्त सभेत ऐकायला मिळतो.

वाळूज_वाला
@सांडवा, शेवटचं. आरओएसची ती पंधरवड्याची पातळी सामान्य माणसाला कुठे बघायला मिळते?

सांडवा
धरणाच्या पूरनियंत्रण कक्षाच्या रोजच्या पत्रकात आजची पातळी, साठा, येवा आणि विसर्ग असतो. बऱ्याचदा विसर्गाच्या सूचनेतच लिहितात की परिचालन सूचीनुसार अमुक तारखेला पातळी अमुक ठेवायची आहे. ती ओळ वाचा. आजची पातळी तिच्यापेक्षा वर असेल आणि नागमठाणचा आकडा चढता असेल तर दरवाजे उघडणार. पातळी खाली असूनही उघडले, तर इथे येऊन नवा धागा काढा, मीही भांडायला येतो.

आगाऊ_कार्टा
+१. तोवर संघाध्यक्षांचा ठिबकचा फोटो प्रलंबित आहे याची नोंद घ्यावी.